कुक्कुटांतील विषाणुजन्य यकृत्शोथ : संप्राप्ती आणि व्याधिक्षमत्व

दोन वर्षांपूर्वी परतीचा पाऊस लांबला होता. सोयाबीनच्या गंज्या शेतात भिजत होत्या आणि बार्शीटाकळी येथील माझ्या चिकित्सालयात नेहमीप्रमाणे प्रतिश्याय व ज्वराचे रुग्ण दाटले होते. अशा एका सायंकाळी तालुक्यातीलच एका खेड्यातील परिचित शेतकरी रांग सोडून आत आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कोंबड्या मरून राह्यल्या. कापून पाह्यली तं काळीज पिवळं निघालं. कावीळच होय नं? तुमचं ते काविळीचं औषध पाण्यात टाकून देता येते का?"

दोन हजार पक्ष्यांची शेड, चोवीस दिवसांचे पक्षी. पिलांचे व खाद्याचे पैसे माल विकल्यानंतर चुकते करावयाचे होते. माणूस घाबरलेला होता आणि मीही घाईत होतो. कालमेघ, भूम्यामलकी व कुटकी यांचा क्वाथ करून पिण्याच्या पाण्यात मिसळण्यास मी सांगितले. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती यांपैकी एकाचाही विचार केला नाही. मनुष्यरुग्णाच्या बाबतीत असे कोणी केले असते तर मी त्यास वैद्य म्हटले नसते. कडू पाणी पक्षी कमी प्यायले, मरणे थांबले नाही आणि दोन दिवस व्यर्थ गेले. तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकांनी शवविच्छेदन केले, तेव्हा मी तेथे उपस्थित होतो. यकृत सुजलेले, फिकट पिवळे, रक्तबिंदूंनी भरलेले आणि बोटाने दाबताच कुस्करणारे होते. हृदयाभोवतीच्या पिशवीत गवताच्या काडीच्या रंगाचे पाणी साचले होते व त्यात हृदय तरंगत होते. "ही लीची," पशुवैद्यक म्हणाले. सोललेल्या लीचीसारखे दिसणारे ते हृदय पाहिल्यावर नावाची फोड करण्याची आवश्यकता उरली नाही.

आपल्याकडे काळीज हा शब्द बोलताना हृदयासाठी वापरला जातो, परंतु खाटकाच्या दुकानात आणि जुन्या मराठीत काळीज म्हणजे यकृतच. या व्याधीत दोन्ही अर्थांची काळजे सापडतात. म्हणून नुसते 'काळीज पिवळे' या वर्णनावरून काही ठरवता येत नाही, हा पहिला धडा मला त्या दिवशी मिळाला. त्यानंतर या विषयावर जे वाचले व पशुवैद्यक मित्रांकडून जे समजून घेतले, ते वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहे. ग्रामीण भागात असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना विचारला जातो, हे मी जाणतो.

पिवळे यकृत आणि कामला

प्रथम काविळीच्या गैरसमजाचा परामर्श घेणे इष्ट. मनुष्यात रक्तरंजक द्रव्याच्या विघटनातून प्रथम हिरवे बिलिव्हर्डिन व त्यापासून पिवळे बिलिरुबिन तयार होते. हे दुसरे द्रव्य रक्तात साठले की नेत्र, त्वचा व मूत्र पीतवर्ण होतात. कोंबडीत हिरव्याचे पिवळे करणारे विकर अत्यल्प असते, त्यामुळे तिचे मुख्य पित्तरंजक हिरवेच राहते. यकृत कितीही बिघडले तरी तिचे डोळे हळदीसारखे होण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. विष्ठेबरोबर येणारा पांढरा मूत्रांश हिरवट होणे, हे तिच्या यकृतविकाराचे अधिक विश्वसनीय लक्षण होय. पायांचा पिवळेपणा तर मक्यातील रंगद्रव्यांमुळे येतो व तो बहुधा आरोग्याचेच चिन्ह असतो.

आणखी एक गोष्ट. पहिल्या आठवड्यातील पिलाचे यकृत स्वभावतःच पिवळे असते, कारण अंड्यातील बलकाचा स्नेह त्यात उतरलेला असतो. ते पुढे तांबूस तपकिरी होते. मेलेले पिलू कापून 'कावीळ' म्हणणाऱ्याने आधी त्याचे वय विचारावे. चोवीस दिवसांच्या पक्ष्यात मात्र पिवळे, ठिसूळ यकृत ही निश्चित विकृती आहे.

व्याधीचा इतिहास

यकृतपेशींच्या केंद्रकात विशिष्ट कण दिसणारा कोंबड्यांचा यकृत्शोथ अमेरिकेत १९६३ साली प्रथम वर्णिला गेला. त्याचे कारण ॲडिनो कुलातील विषाणू. कोंबड्यांतील या विषाणूंचे बारा उपप्रकार मानले जातात. त्यांपैकी काही केवळ यकृत बिघडवतात व साधारणतः शेकडा दहापर्यंत, क्वचित तीसपर्यंत पक्षी मारतात. चौथा उपप्रकार मात्र हृदयावरणात पाणी साचवतो आणि त्याने शेकडा वीस ते ऐंशी पक्षी दगावतात. हा भयंकर प्रकार १९८७ साली कराचीजवळील अंगारा गोठ येथे प्रकटला, म्हणून पाकिस्तानात त्यास अंगारा रोग म्हणतात. १९९४च्या सुमारास तो उत्तर भारतात आढळला आणि येथे त्याचे नाव लीची पडले. चीनमध्ये २०१५ पासून त्याचे मोठे उद्रेक झाले.

आरंभी अनेकांना ही विषबाधा अथवा खाद्यदोष वाटला होता. विषाणूची ओळख पक्की होण्यापूर्वीच पाकिस्तानात व नंतर आपल्याकडे एक विलक्षण उपाय यशस्वी ठरला. मेलेल्या पक्ष्यांचे यकृत घोटून, त्यातील रोगबीज फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून, तोच अर्क निरोगी पक्ष्यांना टोचण्यात आला आणि मृत्यू झपाट्याने घटले. ज्या यकृतात व्याधीचे अधिष्ठान, त्याच यकृतापासून लस तयार झाली. पुढे प्रयोगशाळेत वाढविलेल्या विषाणूंच्या शुद्ध लसी आल्या.

महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध फार थोड्यांना ठाऊक आहे. १९८०च्या दशकात मुंबई परिसरात कोंबड्यांची मोठी साथ आली होती. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. शरद अजिंक्य यांनी तिच्यातून एक ॲडिनो विषाणू वेगळा केला, त्यास 'स्माम-१' असे नाव मिळाले. मेलेल्या कोंबड्यांची यकृते व वृक्क सुजलेले होते, ग्रीवेतील थायमस ग्रंथी आकसली होती, आणि उदरात मात्र मेद भरपूर होता. स्थूलतेची चिकित्सा करणारे मुंबईचे डॉ. निखिल धुरंधर यांच्या कानी हे गेले. साथीने मेलेला पक्षी कृश असावयास हवा, हे मेदस्वी कसे, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी निरोगी पक्ष्यांत तो विषाणू घालून पाहिला. पक्ष्यांचा मेद वाढला, परंतु रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड घटले. हा शोधनिबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९७ साली ५२ स्थूल व्यक्तींच्या रक्ताच्या तपासणीत १० जणांत या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्ये आढळल्याचे त्यांनी नोंदविले. यावरून कोंबडी खाल्ल्याने स्थौल्य येते असा निष्कर्ष काढणे अनुचित होय. इतक्या लहान संख्येवर असा भार टाकता येत नाही. परंतु यकृत, मेद आणि विषाणू यांचा परस्परसंबंध शोधण्यास सुरुवात मुंबईच्या शवविच्छेदनगृहातून झाली, हे मेदोरोगाचा विचार करणाऱ्या आपल्या वैद्यवर्गाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शोथ कसा उत्पन्न होतो

विषाणू विष्ठेतून व मुखावाटे पसरतो, तसेच जननी कोंबडीकडून अंड्यातूनही पिलात उतरतो. यकृतपेशीत शिरून तो तिच्या केंद्रकात आपल्या प्रती तयार करतो. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात गडद निळसर कण दिसतात ते हेच.

पेशी हे सर्व निमूटपणे सोसत नाही. तिच्या अंतर्भागात परकीय केंद्रकाम्ल ओळखणारी प्रथिने असतात. केंद्रकाबाहेर सापडलेली डीएनएची तार ओळखून ती धोक्याची सूचना देतात. मनुष्यात हे काम करणारा एक ग्राहक कोंबडीत नाही, त्याऐवजी दुसराच एक ग्राहक तेच कार्य करतो. उलट बदकात असलेला, आरएनए विषाणू ओळखणारा एक महत्त्वाचा ग्राहक कोंबडीत मुळीच नाही. बर्ड फ्लूने कोंबड्या पटापट मरतात आणि बदके तोच विषाणू बाळगून हिंडतात, याचे एक कारण यात असल्याचे २०१० साली दाखविले गेले. पक्षी म्हणून सर्वांना एकच न्याय लावता येत नाही.

सूचना मिळताच पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते. शेजारच्या पेशी त्यामुळे सावध होतात व विषाणूला आपली यंत्रणा वापरू देत नाहीत. या द्रव्याचा शोधही कोंबडीच्याच ऋणातला आहे. लंडन येथे १९५७ साली आयझॅक्स व लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणाचे तुकडे निष्क्रिय केलेल्या इन्फ्लुएंझा विषाणूच्या सान्निध्यात ठेवले आणि त्या तुकड्यांतून बाहेर पडलेल्या द्रवाने ताज्या तुकड्यांचे रक्षण केले. आज मनुष्यात ज्याचा औषध म्हणून उपयोग झाला, ते द्रव्य असे अंड्यातून निघाले.

त्याचबरोबर यकृतातील भक्षक पेशी इंटरल्यूकिन व तत्सम संदेशद्रव्ये सोडतात. रक्तवाहिन्या विस्फारतात, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो, श्वेतपेशी धावून येतात. सुश्रुताचार्यांनी व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा अवस्था सांगितल्या आहेत आणि पक्वावस्थेत पू होणे आपणास परिचित आहे. कोंबडीत येथे मौज आहे. तिच्या रक्तातील हेटरोफिल नावाच्या पेशी आपल्या न्यूट्रोफिलचे काम करतात, परंतु त्यांत मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसते. त्यामुळे तिचा पू पातळ होऊन वाहत नाही, तो पनीरासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. कोंबडीचे गळू फोडून पू निचरण्याची वाट पाहणारा फसतो. शोथाचे तत्त्व एक असले तरी पाकाची रीत जातीगणिक बदलते.

यकृत हे स्वतः शोथाचे क्षेत्र, तसेच सर्व शरीरातील शोथाला द्रव्ये पुरविणारे कोठारही आहे. संदेशद्रव्ये पोहोचताच ते अल्ब्युमिन कमी करून तीव्रावस्थेतील प्रथिने वाढविते. ट्रान्सफेरिन हे लोहवाहक प्रथिन मनुष्यात शोथकाळी घटते. कोंबडीत त्याच जातीचे ओव्होट्रान्सफेरिन वाढते आणि जंतूंना मिळणारे लोह बांधून ठेवते. अल्ब्युमिन घटल्याने व वाहिन्यांच्या भिंती सैल झाल्याने रक्तातील जलांश बाहेर पडतो आणि हृदयावरणात साठतो. रक्तवह स्रोतसाचे मूळ यकृत व प्लीहा, हे चरकाचार्यांचे कथन त्या शवविच्छेदनाच्या वेळी मला तीव्रतेने आठवले. तथापि ग्रंथातील प्रत्येक वाक्याला आधुनिक रेणू चिकटविण्याची जी चढाओढ आपल्या परिषदांतून चालते, ती मला मान्य नाही. साम्य दिसते तेथे दाखवावे, दिसत नाही तेथे थांबावे.

पुढची पायरी मारक लसिकापेशींची. थायमसमध्ये शिक्षण घेतलेल्या या पेशी विषाणूग्रस्त यकृतपेशी हेरून मारतात. विषाणू हटवावयाचा तर त्याचे घर पाडावे लागते. म्हणून यकृताची जी हानी आपणास दिसते तिचा काही अंश विषाणूचा, काही अंश संरक्षकांचा असतो. अतितीव्र शोथात हा दुसरा अंशच प्राणघातक होतो. ज्वराचे काय करावे हा प्रश्न मनुष्यात जितका बिकट, तितकाच हा.

व्याधिक्षमत्वाची पिशवी

चरकसंहितेवरील आपल्या टीकेत चक्रपाणीने व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ केले आहेत : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलास विरोध, आणि व्याधीच्या उत्पत्तीसच प्रतिबंध. कोंबडीत हे दोन्ही अर्थ स्पष्ट दिसतात. इंटरफेरॉन, भक्षक पेशी व मारक पेशी या पहिल्याच्या बाजूस. दुसऱ्याच्या बाजूस मुख्यतः प्रतिद्रव्ये.

प्रतिद्रव्यांचे शास्त्रही कोंबडीनेच शिकविले. तिच्या गुदमार्गाच्या वरच्या बाजूस द्राक्षाएवढी एक पिशवी असते. पाडुआचा शरीरविद् फॅब्रिशियस याने तिचे वर्णन केले व ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापले गेले. तिचे कार्य पुढे तीनशेहून अधिक वर्षे कोणास उमगले नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे या पिशवीवर काम करीत होते. त्यांचे सहाध्यायी टिमोथी चांग यांना विद्यार्थ्यांपुढे प्रतिद्रव्यांचे प्रात्यक्षिक करावयाचे होते, म्हणून त्यांनी ग्लिक यांच्याकडील काही पक्षी नेले. जंतू टोचूनही त्यांत प्रतिद्रव्ये झाली नाहीत. प्रात्यक्षिक फसले. चौकशी करता ते पक्षी पिशवी काढून टाकलेले निघाले. एका नामांकित नियतकालिकाने नाकारलेला तो निबंध १९५६ साली कुक्कुटविज्ञानाच्या मासिकात छापला गेला. आज मनुष्याच्या रक्ततपासणीतही ज्यांना बी-पेशी म्हणतात, त्यातील 'बी' या पिशवीच्या लॅटिन नावातून आलेला आहे.

पिलू जन्मते तेव्हा मातेची प्रतिद्रव्ये बलकातून त्याला मिळालेली असतात. दोन ते तीन आठवड्यांत ती संपतात. स्वतःची प्रतिद्रव्ये पुरेशी तयार होण्याआधीचा हा काळ धोक्याचा. आमच्या शेतकऱ्यांचे पक्षी चोवीस दिवसांचे होते, हे येथे आठवावे. जननी कळपास लस दिलेली नसेल तर दुहेरी तोटा होतो : पिलास प्रतिद्रव्ये मिळत नाहीत आणि विषाणू मात्र अंड्यातून मिळू शकतो.

नेमक्या याच वयात, तीन ते सहा आठवड्यांत, गंबोरो नावाचा दुसरा विषाणू त्या पिशवीवरच घाला घालतो. १९६२ साली अमेरिकेतील गंबोरो या गावावरून त्यास हे नाव मिळाले. पिशवी नष्ट झालेला पक्षी लस देऊनही कोरडा राहतो. संसर्गजन्य पांडुरोगाचा विषाणू थायमस व मज्जा बिघडवितो. हे दोन्ही आधी येऊन गेले असतील तर एरवी सौम्य राहणारा ॲडिनो विषाणूही मारक ठरतो.

आणि तिसरा सहायक हेतू आमच्या भागाचा. खर्च वाचावा म्हणून त्या शेतकऱ्यांनी विकतच्या खाद्यात पावसात भिजलेला घरचा मका मिसळला होता. ओल्या मक्यावर व शेंगदाण्याच्या ढेपीवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेल्यावर हे विष उजेडात आले. ते थेट यकृतावर आघात करते, शिवाय लसीचा प्रतिसादही मंदावते. मका वाळविल्याने अथवा शिजविल्याने ते जात नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या भागांत असाच मका खाऊन माणसांना कामला व जलोदर झाले, १०६ जण दगावले आणि त्याच घरांतील कुत्रीही मेली. गरविष, दूषीविष या संकल्पना शिकविताना मी आता हे उदाहरण देतो.

आपली औषधे

आता ज्या प्रश्नापासून आरंभ झाला त्याकडे येऊ. बाजारात कुक्कुटपालकांसाठी यकृत्बल्य म्हणून जी द्रवौषधे मिळतात, त्यांपैकी बहुतेकांत कालमेघ, भूम्यामलकी, कुटकी, पुनर्नवा हीच आपली द्रव्ये असतात. अफ्लाटॉक्सिनजन्य हानीत ती काही अंशी सहायक ठरतात असे प्रयोग आहेत. परंतु विषाणू नष्ट करण्याचा दावा ही वेगळी गोष्ट.

या संदर्भात भूम्यामलकीचा इतिहास प्रत्येक वैद्याने जाणावा. मद्रासचे डॉ. त्यागराजन व हिपॅटायटिस बी विषाणूचे शोधक नोबेलविजेते ब्लुमबर्ग यांनी १९८८ साली 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध केले की, भूम्यामलकी घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे चिन्ह नाहीसे झाले. निष्क्रिय औषध घेतलेल्या २३ पैकी केवळ एकाच्या. आपल्या वर्तुळात तेव्हा जो आनंद झाला तो ज्येष्ठांना स्मरत असेल. परंतु नंतर अन्यत्र झालेल्या परीक्षणांत तसा लाभ दिसला नाही, आणि बदकांतील बी प्रकारच्या यकृत्विषाणूवर १९९० साली केलेल्या प्रयोगातही विषाणूची वाढ थांबली नाही. पहिला निबंध आपण व्याख्यानांतून सांगतो, पुढचे सांगत नाही. द्रव्य निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. यकृताचे रक्षण करणे व विषाणू मारणे यांत भेद आहे आणि तो शेतकऱ्यास सांगणे आपले कर्तव्य आहे.

पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे, शालिहोत्राची अश्वचिकित्सा आहे, श्येनपक्ष्यांवरही ग्रंथ आहे. कोंबडीच्या चिकित्सेचा ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही. संहितांत ती विष्किर वर्गात, मांसगुणांच्या प्रकरणात भेटते. शिवाय १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यान्वये पशुपक्ष्यांची चिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे. अकोल्यास पशुवैद्यक व पशुविज्ञानाची स्नातकोत्तर संस्था आहे. बार्शीटाकळीहून तेथे पोहोचण्यास तासभर पुरतो. एकाएकी अनेक पक्षी मेले तर घरच्या अंगणात कापू नयेत, शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आरंभी तेथेही नेहमीचीच मर वाटली होती. बाहेरून पाहता लीची, राणीखेत व बर्ड फ्लू यांतील भेद कोणासही खात्रीने करता येत नाही, आणि यांतील शेवटचा माणसास होतो.

त्या शेडमधील निम्म्याहून अधिक पक्षी गेले. उरलेल्यांना भिजका मका बंद करून स्वच्छ खाद्य दिले, गर्दी कमी केली, मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरले. हा विषाणू स्नेहावरणरहित असल्याने साध्या साबणाने व सौम्य जंतुनाशकाने मरत नाही. म्हणून तूस जाळून, भिंती घासून, पशुवैद्यकांनी सांगितलेले तीव्र जंतुनाशक फवारून शेड काही आठवडे रिकामी ठेवावी लागली. तेवढ्या दिवसांचे उत्पन्न बुडाले व उधारी वाढली. माझ्या क्वाथाचे पैसे मी परत केले, ते त्यांनी घेतले.

पुढील खेपेची पिले घेण्यापूर्वी ते माझ्याकडे आले होते, औषधासाठी नव्हे. जननी कळपास लीचीची व गंबोरोची लस दिली आहे काय, असे पिलांच्या पुरवठादारास लेखी विचारावयाचे होते, ते पत्र त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले. उत्तर यावयास बारा दिवस लागले. तोवर त्यांनी शेड रिकामीच ठेवली.